स्लॅबले भोक आन् काकूचा आवाज

हे वाचायले बसले असान तं आधीच सांगून देतो. अंधार म्हणजे अज्ञान, उजेड म्हणजे ज्ञान, आभाळाचा तुकडा घरात उतरला, किरणांनी फरशीवर रांगोळी काढली, असं काही तुम्हाले इथं भेटणार नाही. कवितेचं पुस्तक समजून उचललं असन तं खाली ठेवा. मी लोकांच्या चांगल्या, मजबूत, पाणी मारून-मारून पिकवलेल्या स्लॅबले भोक पाडतो. वरून त्याइच्याच घरचा चहा पितो. हा माहा धंदा हाये, आन् यवतमाळ जिल्ह्यात या धंद्यात माह्याइतका हुशार माणूस नाही. दुसरा माणूसच नाही, हे बी एक कारण हाये.

कार्डावर मी 'स्कायलाईट डिझाईन व फिटिंग' असं छापलं. लोकं फोन करून विचारतात, "थे आकाशकंदीलवाले तुम्हीच का?" दिवाळीले हे फोन वाढतात. पांढरकवड्याच्या एका काकानं तं मले टीव्हीवाला समजून स्लॅबवरची छत्री फिरवून घेतली. चित्र बी आलं. शेवटी बाजारात माहं जे नाव पडलं थे 'भोकवाला'. मले राग नाही येत. पानठेल्यावर कोणी "ओ भोकवाले" म्हणून हाक मारली की मी बरोबर मान वळवतो.

माही दुसरी कला आवाजाची. कोणाचाही आवाज एकदा ऐकला की मले येते. शाळेत असताना बसस्टँडवरच्या अनाउन्सरचा आवाज काढून मी राळेगावच्या गाडीची अख्खी लाईन दुसऱ्या फलाटावर नेलती. लोकं गेले, पिशव्या गेल्या, एक कोंबडी बी गेली. धंद्यात हा गुण भल्ला कामी येते. नागपूरचा काचवाला माल पाठवाले टाळाटाळ करून राह्यला की फोनवर जरा जाड, खुर्चीत रेलून बसल्यासारखा आवाज लावा लागते. काच संध्याकाळी गाडीत चढते. मी कोणी साहेब हाये असं मी म्हणत नाही. थो आपल्या मनानंच समजून घेते.

डिप्लोमा झाल्यावर मी नागपूरलेच होतो, मोठमोठ्या दुकानांच्या छतांले काचा बसवाच्या कामावर. तिथं डोक्यात आलं की उजेडाची खरी गरज तं आमच्या गावातल्या घरांले हाये. आमच्याकडं दोन्ही बाजूनं शेजाऱ्याच्या भिंती चिकटलेल्या, आन् खोल्या एकामागं एक. समोर बैठक, मागं सैपाकघर, मधात मधली खोली. मधल्या खोलीले खिडकी नाही. लाईन गेली की भर दुपारी तिथं मोबाईलची बॅटरी लावून बनियन शोधा लागते. जुन्या मातीच्या धाब्याच्या घराले वर एक भोक ठेवत, त्याले सानं म्हणत. धूर बाहेर जाये, उजेड आत ये, पाऊस आला की त्यावर झाकण ठेवत. मंग स्लॅब आली आन् सानं गेलं. मी फक्त त्याले काच लावून वापस आणून राह्यलो.

फक्त आमचं ऊन नागपूरच्या कॅटलॉगले समजत नाही. इथं सरळ वर काच ठेवली तं खाली माणूस पापडासारखा भाजून निघते. म्हणून माहे काही नियम हायेत. काच उत्तरेकडं कललेली पाह्यजे. दोन काचा पाह्यजेत, मधात हवा. बाजूनं गरम हवा बाहेर जाले झडपा. आन् खाली छताच्या पातळीले दुधी शीट, चारही बाजूनं बोटभर फट सोडून. म्हणजे उन्हाचा चट्टा पडत नाही, उजेड दुधासारखा खोलीभर सांडते. हे मी कोणाच्या पुस्तकात वाचलं नाही. दोन घरं भाजून शिकलो.

आता ज्या घराची गोष्ट सांगतो थे यवतमाळातल्याच एका जुन्या लेआउटमधलं. घरातले दादा राळेगावच्या एका ऑफिसात कारकून, सकाळची एसटी धरून रोज अपडाऊन. घरात त्याइची आई, तिले मी काकू म्हणतो, आन् बायको, म्हणजे वहिनी. वहिनी ब्लाऊज शिवत. मशीन मधल्या खोलीत. बैठकीत पाहुणे येतात आन् सैपाकघरात फोडणी उडते, म्हणून.

फोन वहिनीचाच आलता.

"भाऊ, तुम्ही स्लॅबले भोक पाडून देता म्हणे."

"देतो नं. साधं पाह्यजे का काचेचं?"

वहिनी हसल्या नाही. माह्या या जोकवर न हसणारं गिऱ्हाईक म्हणजे खरी अडचण असलेलं गिऱ्हाईक, हे मले आता समजते.

"मले रंग दिसाले पाह्यजे," त्या म्हणाल्या.

गेलो तं त्याइनं एक ब्लाऊज पुढं ठेवला. कापड वांगी रंगाचं, आन् शिवण चॉकलेटी धाग्याची. दारापाशी उजेडात नेला तं आंधळ्यालेही दिसावं. मधल्या खोलीत ट्यूबलाईटखाली दोन्ही रंग जुळे भाऊ. गिऱ्हाईक ब्लाऊज वापस करून गेलती, आन् गल्लीत ज्याले ऐकू येत नाही त्यालेही सांगून गेलती.

"डोळ्याच्या डॉक्टरनं सांगतलं डोळे ठीक हायेत, उजेडात काम करा," वहिनी म्हणाल्या. "आता उजेड का दुकानात भेटते?"

"आमच्या दुकानात भेटते."

मंग मशीनचं चाक फडक्यानं पुसता-पुसता त्या म्हणाल्या, "ही मशीन माह्या मायची हाये. माह्याच वयाची असताना तिले सुईचं नाकं दिसनं बंद झालं. मंग मशीन माह्याकडं आली." एकदम साध्या आवाजात बोलल्या. मी आवाजाचा माणूस हाये. माणूस जेव्हा आवाज इतका साधा ठेवते तेव्हा त्याले थो साधा ठेवाले मेहनत लागते. मी टेप काढला आन् खोली मोजाले लागलो.

थेवढ्यात मागून काकू आल्या.

"कोण हाये वं?"

"आई, थे उजेडवाले."

"काहून, बिल नाही भरलं का?"

काकूचा आवाज सांगतो. खलबत्त्यात सुकं खोबरं कुटल्यासारखा. आन् त्याइच्या तोंडात ळ नावाचं अक्षरच नाही. डोळे म्हणजे डोये, जाळी म्हणजे जाई, वाळवण म्हणजे वायवन. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजलं?" असं टाकतात, जसं चपाती उलटवून तव्यावर आपटावं. असा आवाज नशिबानं भेटते. मी थो तिथंच घडी करून खिशात ठेवला.

"चांगल्या स्लॅबले भोक कायले पाडता?" काकू म्हणाल्या. "पाणी गयन."

"गळलं तं मी खाली बादली घेऊन बसन काकू."

"बादली तं आमचीच घेशीन. आन् वांदरं?"

हा प्रश्न कॅटलॉगमध्ये नव्हता. टेकडीकडून वानरांची टोळी येते, कडूलिंबावरून टिनावर, टिनावरून स्लॅबवर, आन् टाकीचं झाकण उचलून पाणी पिऊन, तोंड पुसून जाते. काकू म्हणाल्या, "वांदर काचेवर उडी मारन आन् थेट माह्या सुनेच्या मशीनवर येईन. मंग थोच शिवन ब्लाऊज."

"काकू, काचेवर लोखंडी पिंजरा बसवतो. पुसाले एक दार ठेवतो त्याले. जाळी अशी बारीक की वांदराचं बोट आत जाणार नाही."

"बोट बी नाही?"

"नखही नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

काकूनं मान डोलावली आन् वर स्लॅबकडं पाहून काहीतरी हिशेब केला. मले वाटलं बुढी माह्या डिझाईनवर खूष झाली.

डिझाईन मी बुटाच्या डब्यात करतो. हसू नका. दादाच्या नव्या बुटाचा डबा घेतला, आतून चुना मारला, खोलीसारखं दार कापलं, झाकणाले भोक पाडलं आन् डबा स्लॅबवर उन्हात ठेवला. आत वहिनीची लाल रीळ. बाजूनं एक छोटं भोक, डोळा लावाले.

"यात कोण राहीन, उंदीर?" काकू म्हणाल्या.

वहिनी गुडघ्यावर बसून डोळा लावून पाहत होत्या. मी झाकण फिरवत होतो. भोक मधात ठेवलं तं रिळीवर पांढरा चट्टा, रंग दिसत नाही. मागं सरकवलं तं भिंत उजळते, रीळ अंधारात. मंग उत्तरेकडं कललेलं, बाजू तिरप्या, वर पतंगाचा कागद लावला.

"हा," वहिनी म्हणाल्या. "हा राहू द्या." आन् डोळा काही केल्या काढत नव्हत्या. शेवटी काकूनं म्हटलं, "अवं, मले बी तं पाहू दे उंदराचं घर."

कापाच्या दिवशी मिस्त्री आन् मी सकाळीच लागलो. खालून बीम कुठून जाते थे पाहून घेतलं, सळ्या कुठं हायेत थे पाहून घेतलं. हातोडा लावला नाही, हातोड्यानं स्लॅब दूरपर्यंत तडकते. पाणी सोडत मशीननं कापलं, तुकडा चेनकप्पीनं हळूहळू खाली उतरवला. काकू जिन्याच्या पायरीवर बसून पूर्ण वेळ पहारा देत होत्या, जसं का आम्ही तुकडा चोरून नेणार होतो. मंग भोकाभोवती पाणी अडवाले उंबरा बांधला, वर काचा, काचांवर पिंजरा, बाजूले झडपा. आतल्या तिरप्या भिंतींले पांढराफटक चुना. शेवटी खालून दुधी शीट.

थ्या दुपारी वहिनीनं ट्यूबलाईट बंद केली आन् सगळ्या रिळा फरशीवर ओतल्या. लाल म्हणून एका डब्यात ठेवलेल्या रिळा वेगळ्या करत बसल्या. "हा लाल. हा शेंदरी. हा राणी. अगं माय, हा तं डाळिंबी हाये!" लग्नात कितीतरी वर्षांनी नातेवाईक भेटल्यावर बाया जशा बोलतात तशा रिळीशी बोलत होत्या. मिस्त्री म्हणे, "चल, आपलं काम झालं." मी मुद्दाम चपला शोधत थोडा वेळ थांबलो. आपण पाडलेला उजेड कोणी वापरून राह्यलं की जरा पाहून घ्यावं. थ्याले गर्व म्हणत असतीन तं म्हणू द्या.

जाताना सांगतलं, "पाऊस लागाच्या आधी एकदा येऊन जोड पाहून जाईन."

"फुकट?" काकूनं विचारलं.

"चहावर."

म्हणून मी उन्हाळ्यात गेलतो. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे कूलरलेही धाप लागते. भर दुपारची वेळ मुद्दाम निवडली, काहून की काचेचं काम कसं झालं थे दुपारीच समजते.

दार उघडंच होतं. वहिनी मशीनवर नव्हत्या. उंबरठ्यावर बसून, रीळ रस्त्याच्या उन्हात धरून, डोळे बारीक करून पाहत होत्या. नाकावर आठवडी बाजारातला रेडिमेड चष्मा. आन् आत मधल्या खोलीत ट्यूबलाईट लावलेली.

माह्या भोकाखाली. भर दुपारी. ट्यूबलाईट. कोणी कानफटात देली असती तं चाललं असतं.

"वहिनी, लाईट काहून लावली?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

त्याइनं चष्मा काढला. "तुमच्या कामाचं काही नाही भाऊ. उजेड येते बरोबर. मलेच दिसत नाही आता. माह्या मायसारखंच झालं." आन् पुन्हा थोच साधा आवाज. "हातातल्या लग्नाचे ब्लाऊज झाले की मी शिवनं बंद करून राह्यली. गिऱ्हाइकांले सांगून बी देलं. आईंले मात्र सांगू नका."

"काहून?"

"माह्यासाठी त्याइनं चांगली स्लॅब फोडू देली. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

  मी विचारलं, "कमी कधी दिसते? सकाळी का संध्याकाळी?"

"सकाळी उठल्यावर बरं दिसते. नऊ-दहा वाजले की कमी होते. संध्याकाळी दिवे लागाच्या आधी पुन्हा जरासं बरं."

"वहिनी, तुमचे डोळे का ऑफिसात जातात? दहाले निघतात आन् पाचले वापस येतात?"

त्या रडवेल्या होत्या तरी हसल्या. पण मी जोक म्हणून बोललो नव्हतो. डोळे गेले असते तं दिवसभर गेले असते. आन् ऊन जेव्हा सगळ्यात जास्त तेव्हाच खोलीत कमी, म्हणजे गडबड वर हाये. मी दुधी शीटकडं पाह्यलं. एकसारखी पांढरी, पण मेलेली. शीट दुधी असल्यानं वर काय हाये थे खालून दिसत नाही, हाही माह्याच डिझाईनचा गुण. काचांच्या मधात ओल गेली का? माह्या काचेत? शक्यच नाही. धूळ? धूळ संध्याकाळी पाच वाजता उठून घरी जात नाही.

"काकू कुठं हायेत?"

"शेजारी गेल्या पापड लाटाले. यंदा वाळवणाचं सगळं थ्याच पाहून राह्यल्या. मले जिन्यावर पाय ठेवू देत नाहीत. म्हणतात, तुहं लगनसराईचं काम, तू मशीन सोडून उठू नोको."

मी बाहेरच्या जिन्यानं वर गेलो.

कठड्यावर वानरांची अख्खी फॅमिली बसलेली. बाप, माय, लेकरू. सगळे एका दिशेनं पाहत, जसं लोकं मिठाईच्या दुकानाच्या शोकेससमोर उभे राहतात. आन् शोकेस म्हणजे माहा पिंजरा. दाराले लुगड्याच्या काठाची पट्टी करकचून बांधलेली. आत, माह्या दोन काचांच्या वर, जुनं लुगडं चारपदरी घडी करून अंथरलेलं, आन् त्यावर कुरोड्या. गव्हाच्या चिकाच्या, पांढऱ्याशुभ्र, एका रांगेत, गोल-गोल, जसं चिल्लर मोजून ठेवावं. काच कललेली, म्हणून घसरू नये यासाठी खालच्या कडेले एक लाटणं आडवं लावलेलं. कोपऱ्यात मिरच्या बी होत्या.

मी खालीच बसलो. राग कुठून येईन? काकूचं काय चुकलं? काच तापलेली, स्वच्छ, उंचावर, धुळीपासून दूर, आन् वांदराचं नखही आत जात नाही, हे तं मीच पक्कं करून सांगतलं होतं. अख्ख्या यवतमाळात कुरोड्यांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही. सकाळी ऊन चढलं की टाकाच्या, संध्याकाळी काढाच्या. सुनेले मशीनवरून उठा लागू नये म्हणून बुढी एकटी उन्हात खपत होती, आन् सुनेच्याच डोक्यावर झाकण ठेवत होती.

बाजूच्या झडपेतून खालच्या मशीनचा आवाज येत होता. अडखळत, थांबत, पुन्हा चालत. झडप, मंग शीटच्या कडेची बोटभर फट, मंग खाली वहिनी. म्हणजे इथून बोललेलं सरळ खाली जाते. खिशातला आवाज आपोआप बाहेर निघाला. मी झडपेले तोंड लावलं.

"बाई वं! चहा मांड. थो भोकवाला उन्हात वायून राह्यला. समजलं?"

मशीन थांबली. "हो आई. आल्या का तुम्ही?"

"आली."

इथं थांबाले पाह्यजे होतं. पण आवाज इतका बरोबर लागला होता की उतरवतच नव्हतं. मी अजून काही फर्माइश करणार, थेवढ्यात खालून आवाज आला, हळू.

"आई."

"काय वं?"

"रागावणार नाही नं?"

 थ्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. समोर तोंड नव्हतं म्हणून असन, वर पाहून बोलाले सोपं गेलं असन.

"आई, माहे डोळे चालले. मायसारखेच. मी तुम्हाले सांगतलं नाही. तुम्ही माह्यासाठी एवढं केलं, आन् मी मशीन बंद करून राह्यली. लोकांले सांगून बी देलं. मले भेव वाटते आई."

आता मी फसलो. हातात झडप, तोंडात दुसऱ्याचा आवाज, आन् कानात असं काही जे माह्यासाठी नव्हतंच. माह्या आवाजात बोललो तं वहिनीले समजन की सासू समजून आपण परक्या पोट्ट्यापुढं मन मोकळं केलं, आन् त्या माह्यापुढं पुन्हा मान वर करणार नाहीत. गप्प राह्यलो तं त्या समजतीन सासूनं ऐकूनही उत्तर देलं नाही. म्हणून काकूच्याच आवाजात, पण जरा खाली घेऊन, म्हणलो:

"अवं पोरी, डोये तुहे सोन्यासारखे हायेत. मीच कुरोड्या टाकून ठेवल्या काचेवर, वांदराच्या भेवानं. उजेड मीच झाकला. चुकलं माहं."

 खालून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई... तुम्ही चुकलं म्हणाल्या?"

"म्हणलं नं."

माह्या मागं काहीतरी खरखरलं. वानर असन म्हणून मान वळवली. काकू होत्या. कोपरापर्यंत उडदाचं पीठ, हातात वांदरं हाकलाची काठी. शेजारी लाटणं कमी पडलं होतं म्हणून काचेवरचं न्याले आलत्या. कधीपासून उभ्या होत्या, थे त्याइच्या तोंडाकडं पाहून समजलं. सुरुवातीपासून.

मी तोंड उघडलं. काकूनं ओठावर पिठाचं बोट ठेवलं आन् काठीनं पिंजऱ्याकडं दाखवलं.

मी पट्टी सोडली, दार उघडलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं काकू, लुगडं उचललं. घाईत एक-दोन कुरोड्या माह्या बुटाखाली गेल्या, कुर्रकन. काकूचे डोळे थ्या आवाजाकडं गेले, पण तोंड बंद. लुगडं बाजूले झालं आन् ऊन काचेवर पडलं, पूर्ण, एका झटक्यात.

खाली स्टूल पडल्याचा आवाज आला.

"आई! अहो आई! लख्ख झालं! हा धागा मी काळा समजून बसली होती, हा तं बॉटल ग्रीन हाये! दिसते मले! सुईचं नाकं बी दिसते! आई, माहे डोळे ठीक हायेत!"

काकू लुगड्याची टोकं तशीच धरून उभ्या होत्या. कुरोड्या मधात गोळा होऊन राह्यल्या तरी लक्ष नव्हतं. मंग लुगडं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं, पीठ सगळं गालाले लागलं, आन् झडपेपाशी वाकल्या.

"हाव," त्या म्हणाल्या, स्वतःच्या आवाजात. "दिसन नं. न दिसाले का झालं? शिव आता. समजलं?"

 खालून वहिनी चिंतेनं म्हणाल्या, "आई, आवाज काहून असा झाला तुमचा? ऊन लागलं का? आत्ता तं चांगला होता."

काकूनं झडप बंद केली. माह्याकडं वळल्या. खाली ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात झापलं. मोठ्या आवाजातलं झापनं मी शाळेपासून पचवत आलो, दबकं झापनं हाडात जाते. वानरं सुद्धा कठड्यावरून उतरून गेली.

"काहून रे पोट्ट्या, माहा आवाज का तुह्या दुकानातला माल हाये? उचलला आन् वापरला! चहा मांगतला, थे ठीक. चहा मी बी मांगतला असता. पण चुकलं म्हणाले तुले कोणं सांगतलं होतं? मी लगन होऊन या घरात आली, सासूले कधी चुकलं म्हटलं नाही, नवऱ्याले म्हटलं नाही, पोराले म्हटलं नाही. एवढे वर्ष सांभाऊन ठेवलेलं, आन् तू एका फटीतून देऊन मोकया झाला! वरून 'पोरी' बी म्हणलं! मी तिले कधी पोरी म्हणलं? आता सांग, उद्या सकाई मी तिले काय म्हणू? आता रोज मले तसंच मऊ बोला लागन, नाही तं थे म्हणन आईचा आवाज बिघडला, दवाखान्यात चला. या वयात माही जीभ वयते का तशी? आन् थे बी पाय, डोये चालले असं वाटत होतं तिले तं मले सांगाले नोको? कुरोड्या का तिच्याहून मोठ्या हायेत मले? थे मी तिले विचारन, तुले नाही. तू दात काढू नोको. थ्या तुडवलेल्या कुरोड्या उचल आधी. आन् संध्याकाईपर्यंत दुसरा पिंजरा आणून दे, असाच, बाजूले, काचेपासून दूर. आता खाली जाऊन चहा पिशीन तं तोंड बंद ठेवून पिजो. साखर कमी पडली तं बी मांगू नोको."